पहिला अल्बम पुन्हा ऐकताना : रॉक मशीन ते इंडस क्रीड

लातूर-नांदेडच्या श्रोत्यांपुढं इंग्रजी रॉक बँडचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण प्रश्न आपलाच आहे. कलावंतानं आपल्या जुन्या कामाकडं बघायचं कसं? लाजायचं, की मिरवायचं?

मुंबईचं उदाहरण घेऊ. 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला. पुढं उदय बेनेगल गायक आणि महेश टिनाईकर गिटारवर, ही त्याची ओळख झाली. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक रॉक बँडचं काम एकच होतं : परदेशी गाणी हुबेहूब वाजवणं. आपल्या भाषेत सांगायचं तर सराव प्रश्नपत्रिका सोडवणं. लातूर पॅटर्नच्या गावात हे जास्त समजावून सांगायला नको! सरावानं हात बसतो, हे खरं. पण प्रश्न दुसऱ्याचाच राहतो.

1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. आज ऐकलं तर त्यावर तेव्हाच्या अमेरिकी रॉकची छाप चटकन कळते. मग ती नक्कल का? थांबा. तेव्हा उपग्रह वाहिन्या नव्हत्या, इंटरनेट नव्हतं. बाहेरून आलेल्या कॅसेटी हीच शाळा. अशा वेळी स्वतःचं गाणं लिहून लोकांपुढं ठेवणं, हेच मोठं धाडस होतं.

1990 मध्ये दुसरा अल्बम आला. मग 1993. हे साल म्हटलं की आपल्याला किल्लारीच आठवते. त्याच वर्षी तिकडं मुंबईत या बँडनं नाव बदललं : ‘इंडस क्रीड’. नावात सिंधू आली. मागं वळून बघणं म्हणजे फक्त मुलाखतीत आठवणी सांगणं नव्हे. असा निर्णय हेही मागं बघणंच. 1995 च्या अल्बमला त्यांनी हेच नाव दिलं. 1997 मध्ये बँड फुटला, 2010 मध्ये पुन्हा जुळला आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. दोन अल्बममध्ये 17 वर्षांचं अंतर!

आता गंमत बघा. वाजवणाऱ्याला जुन्या गाण्यात आपल्या चुका ऐकू येतात. ऐकणाऱ्याला आपलं वय ऐकू येतं. म्हणून लोक जुन्याचीच फर्माईश करतात आणि कलावंत नव्यासाठी धडपडतो. दोघंही चूक नाहीत.

आपल्यासाठी यात एक काम आहे. शाहिरी, भीमगीतं, भारूड, कॉलेजच्या मुलांची गाणी, मराठवाड्यातलं कितीतरी ध्वनिमुद्रण घरोघरी कॅसेटीत पडून आहे. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. ओल, धूळ, बुरशी तिला खातात. ती संगणकावर उतरवा. वर गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं नाव आणि साल लिहा. आणि मूळ कॅसेट फेकू नका. पहिलं काम कच्चं असेल, असू द्या. ते जपलंच नाही, तर आपण किती पुढं आलो हे मोजणार कशावरून?