तक्रारीत ‘यू’ टाळा, माफीत ‘आय’ घाला

हॉटेलच्या खोलीतला एसी बंद आहे. पाहुणा रिसेप्शनवर जाऊन सांगतो, ‘युअर एसी इज नॉट वर्किंग. चेंज माय रूम.’ व्याकरणात खोट काढायला जागा नाही, तरी काउंटरपलीकडच्या माणसाच्या कपाळावर आठी उमटते. पाहुण्याच्या मनात उर्मटपणाचा लवलेशही नसतो. शाळेत त्याला वाक्य बरोबर करायला शिकवलेलं असतं, तक्रार कशी करायची ते राहून गेलेलं असतं.

ब्रिटिश भाषाभ्यासक जेनी थॉमस यांनी 1983 साली एका लेखात या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. परक्या माणसाचं व्याकरण चुकलं, तर ऐकणारा ‘अजून शिकतोय बिचारा’ म्हणून सोडून देतो. सूर चुकला, तर मात्र दोष माणसाच्या स्वभावाला चिकटतो. त्यातही गंमत अशी, की जितकं इंग्रजी सफाईदार, तितका हा धोका जास्त. कारण अशा माणसाला शिकाऊ म्हणून सूट कोणी देत नाही. पुढे 1998 मध्ये बार्डोव्ही-हार्लिग आणि डॉर्न्येई या अभ्यासकांनी हंगेरीत इंग्रजी शिकणाऱ्यांची अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांशी तुलना केली. हंगेरीतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना बोलण्याच्या रीतीतल्या चुका जास्त खटकल्या. रोज त्या भाषेत व्यवहार करायचा असला, की कान तयार होतो.

मग इंग्रजी तक्रार असते तरी कशी? बरेचदा ती चक्क ‘सॉरी’ने सुरू होते. ‘सॉरी टू बॉदर यू, बट देअर सीम्स टू बी अ प्रॉब्लेम विथ द एसी.’ यात ‘सीम्स’मुळे आरोपाची धार जाते आणि चूक कोणाची, हे अधांतरी राहतं. वाक्यात दोषी म्हणून ‘यू’ कुठेच नाही. मागणीही थेट येत नाही : ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड चेंज माय रूम.’ मागणी आत्ताची, क्रियापदं मात्र भूतकाळी. ही भूतकाळाची रूपं केवळ अदबीसाठी असतात, हे व्याकरणाच्या तासाला क्वचितच सांगितलं जातं. आपल्याकडेही दुकानदाराला ‘बिलात काहीतरी गडबड दिसतेय’ असंच म्हणतात की! म्हणजे युक्ती ओळखीची आहे, फक्त ती इंग्रजीत वापरायची सवय हवी.

माफीचा मामला याच्या उलट. ऑलश्टेन आणि कोहेन या अभ्यासकांनी 1983 मध्ये माफीचे पाच घटक मांडले : दिलगिरीचे शब्द, कारण, चुकीची कबुली, भरपाईची तयारी आणि पुन्हा असं न होण्याची हमी. प्रत्येक वेळी पाचही लागत नाहीत. गर्दीत धक्का लागला तर नुसतं ‘सॉरी’ पुरतं. साहेबांची फाइल हरवली तर पुरत नाही. मराठी विद्यार्थी बहुधा अडखळतो तो कबुलीपाशी. घरात ‘कप फुटला’ म्हणून भागतं. इंग्रजीत यजमानांसमोर ‘द कप ब्रोक’ म्हटलं, तर अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. तिथे ‘आय अ‍ॅम सो सॉरी, आय हॅव ब्रोकन युअर कप’ असं म्हणावं लागतं. ‘आय’ गाळून चालत नाही.

हे फळ्यावर लिहून येत नाही. त्यासाठी अभ्यासकांनी वापरलेली एक साधी पद्धत वर्गातही कामाला येते : प्रसंग द्यायचा आणि उत्तराची जागा कोरी ठेवायची. विद्यार्थ्याने प्राध्यापकांचं पुस्तक परत आणायचं होतं, तो विसरला. आता काय म्हणेल? तेच पुस्तक मित्राचं असतं तर? दोन उत्तरं शेजारी-शेजारी वाचली, की नात्याप्रमाणे भाषा कशी बदलते ते मुलांनाच दिसतं. नंतर जोड्या करून संवाद म्हणून घ्यावेत आणि समोरच्याने एकदा मुद्दाम माफी नाकारावी. खरी परीक्षा तिथे होते, कारण पाठ केलेली वाक्यं तोवर संपलेली असतात.

आपल्याकडे तक्रार शिकवली जाते ती पत्रलेखनात. पत्ता, तारीख, विषय, ‘युअर्स फेथफुली’. सराव चांगलाच, पण समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना त्यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांनी पत्रलेखनाच्या तासातली शेवटची दहा मिनिटं काढावीत आणि तीच तक्रार मुलांना एकमेकांसमोर उभं राहून तोंडी करायला लावावी.