मनातलं कागदावर उतरवा



वस्तीत तपासणीला बसलं की बायकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. बीपी, रक्त तपासून घ्यावंच. पण रिपोर्ट चांगले आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. मनावरचा ताण फार दिवस राहिला की तो शरीरातून बोलतो. अशा वेळी औषधोपचाराच्या जोडीला लिहिणं, चित्र काढणं, गाणं यांचा आधार होतो. प्रशिक्षित माणसाच्या मदतीने हेच केलं की त्याला कला-उपचार म्हणतात. त्यातलं थोडं आपल्याला घरीही करता येतं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. छोटंसं दुकान सांभाळत, नवरा बाहेर गेला की त्या लिहायच्या. घरच्यांच्या धाकाने ते कागद त्यांनी सुमारे वीस वर्षं दडवून ठेवले. पुढे ते लेखन ‘स्त्री’ मासिकात आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यांनी उपचार म्हणून लिहिलं नव्हतं. आपल्या समाजाचं जगणं त्यांना नोंदवायचं होतं. पण जिथे तोंडाने बोलता येत नव्हतं, तिथे कागद ही त्यांची हक्काची जागा झाली.

लिहिल्याने काय होतं? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं लिहिलं. मनाला लागलेली घटना आणि तेव्हाच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. मात्र लिहून झाल्यावर लगेच त्यांना जड वाटत होतं. म्हणून लिहिताना रडू आलं तर घाबरू नका. फारच त्रास होऊ लागला तर मात्र थांबा.

घरी असं करा:

• दिवसातली १५ मिनिटं स्वतःसाठी ठेवा. मुलांच्या वहीची कोरी पानंही चालतील.
• शुद्धलेखन, सुंदर अक्षर यांचा विचार नको.
• लिहिता येत नसेल तर रंगाने, कोळशाने रेघा ओढा. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गाऊन मन मोकळं करायच्या. तशी ओवी, भीमगीत गा.
• तो कागद तुमचा. दाखवायचा, ठेवायचा की फाडायचा, हे तुम्हीच ठरवा. घरच्यांनी विचारल्याशिवाय वाचू नये.
• शेवटी एक ओळ लिहा: ‘मला काय हवं आहे?’ अनेकींना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेलाच नसतो. उत्तर सापडलं की ते मागायचं बळही हळूहळू येतं.

मुलांनाही हे लागू आहे. सांगलीत २०१९ चा महापूर पाहिलेलं मूल पुन्हा पुन्हा पाणीच रंगवत असेल तर ‘दुसरं काहीतरी काढ’ म्हणू नका. ‘यात काय चाललंय, सांग बरं,’ असं विचारा.

पण कागद डॉक्टरची जागा घेत नाही. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, घरात सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

विहारात महिला मंडळ जमतं, तेव्हा महिन्यातून एक तास वही-रंगांसाठी ठेवून पाहा.