एक कादंबरी, अनेक मते

एकच पुस्तक चार जण वाचतात आणि चौघे चार मते सांगतात. कोणाला ते मनापासून आवडते, तर कोणाला मुळीच पटत नाही. गोष्टीच्या पुस्तकाबाबत असे चालायचेच. परंतु ते पुस्तक इतिहासातील खऱ्या माणसांविषयी असले आणि त्यात प्रेमाची कथा असली, तर मतभेद फार तीव्र होतात. असे का होते? ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या प्रसिद्ध मराठी कादंबरीच्या उदाहरणावरून आपण हे समजून घेऊ.

'राऊ' १९७२ साली प्रसिद्ध झाली. पहिला बाजीराव पेशवा आणि मस्तानी यांची ही कथा आहे. बाजीरावाला घरची माणसे 'राऊ' म्हणत. त्यावरूनच कादंबरीला हे नाव मिळाले.

प्रथम इतिहास काय सांगतो ते पाहू. बाजीरावाचा जन्म १७०० साली झाला. १७२० साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, छत्रपती शाहू महाराजांनी त्याला पेशवेपद दिले. १७२८ साली पालखेड येथे त्याने निजामाला कोंडीत पकडले. १७२९ साली बुंदेलखंडाचा वृद्ध राजा छत्रसाल संकटात सापडला. महंमदखान बंगश या मोगल सरदाराने त्याला वेढले होते. बाजीराव मदतीला धावून गेला आणि छत्रसालाची सुटका झाली. यानंतर मस्तानी बाजीरावाच्या जीवनात आली. ती छत्रसालाची मुलगी होती आणि तिची आई मुसलमान होती, असे सामान्यतः मानले जाते. काही जुन्या लेखनात मात्र तिला कलावंतीण म्हटले आहे.

बाजीरावाची पत्नी काशीबाई ही चासच्या जोशी घराण्यातली. बाजीरावाची आई राधाबाई, भाऊ चिमाजी आप्पा आणि मुलगा नानासाहेब यांना मस्तानीचे घरात येणे मान्य झाले नाही. पुण्यातील कर्मठ मंडळींचाही विरोध होता. १७४० साली बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला कैदेत ठेवण्यात आले. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीरावाचा मृत्यू झाला. मस्तानीही त्याच सुमारास वारली. तिने विष घेतले असे कोणी म्हणतात, तर तिने दुःखाने प्राण सोडला असे कोणी सांगतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी तिची कबर आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाजीरावाच्या लढायांविषयी पुष्कळ कागदपत्रे उपलब्ध आहेत. त्याने किती मजल मारली, कोठे मुक्काम केला, कोणाशी तह केला, हे आपल्याला कळते. मस्तानीच्या मनात काय होते, काशीबाई एकांतात काय बोलली असेल, हे मात्र कागदपत्रांतून कळत नाही. जेथे कागद गप्प बसतो, तेथे कादंबरीकार बोलू लागतो. तो संवाद रचतो, प्रसंग उभे करतो, पात्रांच्या मनातले विचार लिहितो. वाचकांचे मतभेद नेमके याच ठिकाणी सुरू होतात.

पहिल्या प्रकारचे वाचक म्हणतात, "या कादंबरीमुळे इतिहास जिवंत झाला. शाळेच्या पुस्तकातील बाजीराव म्हणजे सन आणि लढाया यांची यादी. येथे तो हसतो, रागावतो, व्याकूळ होतो." मस्तानीविषयी लोकांच्या मनात जी तुच्छतेची भावना होती, ती दूर होऊन तिच्याबद्दल आदर वाटू लागतो, असेही हे वाचक सांगतात.

दुसऱ्या प्रकारच्या वाचकांना हे पटत नाही. ते म्हणतात, "बाजीराव हा मोठा सेनापती होता. वीस वर्षे तो घोड्यावरच होता. प्रेमकथेला इतके महत्त्व दिले की त्याचा पराक्रम झाकला जातो. लोक पालखेड विसरतात आणि मस्तानी तेवढी लक्षात ठेवतात." या म्हणण्यातही तथ्य आहे.

तिसऱ्या प्रकारचे वाचक काशीबाईची बाजू घेतात. दोघांच्या प्रेमाचे कौतुक होते, पण घरात मूकपणे सोसणाऱ्या पत्नीचे काय, असा त्यांचा प्रश्न असतो. चौथ्या प्रकारच्या वाचकांना घरच्यांनी आणि समाजाने मस्तानीवर केलेला अन्याय अधिक बोचतो. धर्म आणि जात यांमुळे दोन माणसांची ताटातूट झाली, हाच त्यांना कथेचा गाभा वाटतो.

'राऊ'च्या आधारे २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या होत्या. पेशव्यांच्या घरातील स्त्रिया अशा नाचणे शक्यच नव्हते, असा आक्षेप अनेकांनी घेतला. इतरांनी उत्तर दिले की, हा चित्रपट आहे, इतिहासाचा ग्रंथ नव्हे.

असे वाद केवळ मराठीतच होतात असे नाही. सलीम आणि अनारकली यांची कथा तुम्हांला माहीत असेलच. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली 'अनारकली' हे उर्दू नाटक लिहिले. पुढे १९६० साली 'मुघल-ए-आझम' हा चित्रपट आला आणि ही कथा घरोघरी पोहोचली. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. तरीही असंख्य लोकांना ती खऱ्या घटनेसारखीच वाटते. कथेची शक्ती एवढी मोठी असते. म्हणूनच लेखकाची आणि वाचकाची जबाबदारीही मोठी असते.

मग कोणाचे मत बरोबर समजायचे? याचे उत्तर शोधताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. 'हे असे घडले का?' हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कागदपत्रांत शोधायचे असते. तेथे आपल्या आवडीनिवडीला स्थान नाही. 'ही कथा मनाला भिडली का?' हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारून द्यायचे असते. येथे दोन वाचकांची उत्तरे वेगळी असली, तरी दोघेही प्रामाणिक असू शकतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले, की व्यर्थ भांडण सुरू होते.

मत देताना कारणही द्यावे. 'पुस्तक वाईट आहे' एवढे म्हणून भागत नाही. कोणता प्रसंग पटला नाही आणि का, हे सांगता आले पाहिजे. शिवाय पुस्तक न वाचता, दुसऱ्याचे ऐकून मत बनवणे केव्हाही योग्य नाही.

शेवटी एक खरी हकिकत सांगण्यासारखी आहे. बाजीराव आणि मस्तानी यांना समशेर बहादूर नावाचा मुलगा होता. १७६१ साली पानिपतच्या लढाईत तो मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि त्या जखमांमुळेच त्याचा अंत झाला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले. १८५७ च्या युद्धात बांद्याचे नवाब अली बहादूर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. ज्या मस्तानीला घरात जागा मिळाली नाही, तिच्या मुलाने त्याच राज्यासाठी प्राण दिले. ही गोष्ट कोणा कादंबरीकाराने रचलेली नाही. ती इतिहासानेच लिहून ठेवली आहे. तिच्याविषयी तुमचे मत काय, ते तुम्ही स्वतः विचार करून ठरवा.