खडा कसा दिसतो?

आमच्या घरी रविवारी सकाळी आई आठवड्याचे तांदूळ निवडायला बसते. मांडीवर स्टीलची परात, परातीत एचएमटी तांदूळ आणि अर्धं चित्त टीव्हीवर. तरी काळा खडा आला की बोट थेट त्याच्यावर पडतं. पांढरी गार मात्र निसटते.

आधी डोळ्याची ऐपत पाहू. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, बाकीचं धूसर. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो म्हणून अख्खी परात स्वच्छ दिसल्याचा भास होतो. पुढची उडी कुठे मारायची, हे लक्ष ठरवतं. आणि डोळा जागचा न हलताही लक्ष हलू शकतं: आईची नजर मालिकेवर असते, पण गुळाच्या डब्याकडे सरकलेला माझा हात तिला बरोबर कळतो.

आता खडा. 1980 साली अ‍ॅन ट्रिझमन आणि गॅरी जिलेड या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं, की रंग, तिरकेपणा असे सुटे गुण मेंदू सगळ्या दृश्यात एकदमच टिपतो. त्यामुळे परातीत मूठभर तांदूळ असोत की अर्धा किलो, काळा खडा सापडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पांढऱ्या गारेची गोष्ट निराळी. रंगाने ती तांदळात खपते आणि आकाराने कणीत. ती ओळखायची तर रंग, आकार, चकाकी एकाच दाण्याच्या ठायी जुळवून पाहावी लागते, आणि ही जुळणी लक्ष तिथे गेल्याशिवाय होत नाही. म्हणजे एकेक दाणा, एकेक जागा. दाणे वाढले की वेळही वाढला. आई चार बोटांनी थोडे थोडे तांदूळ पुढे ओढते ते याचसाठी. सगळी परात एकदम निवडायला बसणारा माणूस (मी) दहा मिनिटांत कंटाळतो.

लक्ष जागेवर पडतं तसं वस्तूवरही पडतं. 1994 साली एग्ली, ड्रायव्हर आणि राफाल यांनी पडद्यावर दोन लांबट चौकटी दाखवल्या आणि एकीच्या टोकाशी इशारा दिला. मग त्याच चौकटीच्या दुसऱ्या टोकाला काही उमटलं तर लोकांना ते लवकर दिसे. तेवढ्याच अंतरावर, पण शेजारच्या चौकटीत उमटलं तर उशिरा. तांदळात पेंढ्याची काडी आली की हेच होतं. एक टोक दिसलं की काडी सबंध हाती येते. तिच्या बाजूचा खडा तिष्ठत राहतो.

ज्या तांदळावर हे सगळं चाललंय तो एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने घडवलेला. 1983 साली पटेल-3 वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. वेगळा रंग उठून दिसणं हे कुणाच्याही डोळ्याचं काम. त्या लोंब्या बाजूला काढून पुढे निराळ्या पेरत राहणं, हे दादाजींचं.

हल्ली पिशवीवर ‘सॉर्टेक्स’ लिहिलेलं असतं. गिरणीत कॅमेरा वेगळ्या रंगाचा दाणा हेरतो आणि हवेच्या फुंकरीने उडवून लावतो. खडे कमी झाले, आणि पंचाईत तिथेच आहे. 2005 साली जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली तर लोकांच्या नजरेतून ती साधारण 7 टक्के वेळा सुटते. शंभरातल्या एकाच चित्रात असली तर 30 टक्के. क्वचितच सापडणाऱ्या गोष्टीचा शोध डोळा लवकर आवरता घेतो. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांचीही हीच अडचण.

म्हणून आई निवडून झाल्यावर तांदूळ रोळते. पाण्यात घोळवत ते वरच्यावर दुसऱ्या भांड्यात ओतत जाते. जड असेल ते तळाशी उरतं. गेल्या रविवारी तळाशी दोन गारा उरल्या. दोन्ही पांढऱ्या.