नाकारलेली भाकर

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस एकदा मोजून पाहा. ख्रिस्ती उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणून ओळखला जातो, पण मोजणी ४६ वर जाते. जास्तीचे सहा दिवस रविवारचे. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण येशू रविवारी मरणातून उठला. म्हणून दर रविवार हा लहानसा ईस्टरच. ऐन उपवासात दर आठवड्याला सण! मला या हिशोबाचं फार नवल वाटतं. शरीराला शिक्षा करावी एवढाच हेतू असता, तर मध्येच आनंदाला अशी जागा कुणी ठेवली नसती. राखेची गोष्टही तशीच. बुधवारी कपाळाला लावायची ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. ज्या हातात घेऊन जयजयकार केला, त्याच जळून कपाळावर येतात.

हे चाळीस दिवस येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांची आठवण आहेत. तिथली पहिली परीक्षा भुकेचीच होती. सैतान त्याला सुचवतो की या दगडांच्या भाकरी कर. येशू करत नाही. आणि पुढे हाच येशू ओसाड जागी जमलेल्या पाच हजारांच्या पोटासाठी पाच भाकरी आणि दोन मासे पुरवून उरवतो. स्वतःच्या भुकेसाठी जे केलं नाही, ते दुसऱ्यांच्या भुकेसाठी केलं. शुभवर्तमानातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, की स्वतःला नाकारणं म्हणजे काय ते माझ्या मते निम्म्याहून अधिक कळतं. त्याग वस्तूचा नसतो. वस्तू आधी आपल्याकडे वळवून घेण्याच्या सवयीचा असतो.

लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना वधस्तंभ उचलायला सांगतो, तेव्हा तो दररोज उचलायचा आहे असंही सांगतो. मार्कात याच जागी ‘दररोज’ नाही. लूकच्या त्या एका शब्दाने एकदाच घडणारं हौतात्म्य रोजच्या जगण्यात आलं. पौल फिलिप्पैकरांना लिहिताना आणखी खोल जातो. त्याच्या मते खुद्द ख्रिस्तानेच आधी स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. म्हणजे भक्ताने त्याग करून देवाकडून काही मिळवायचं नाही. देवाने जे आधीच केलं, त्यात आपला वाटा उचलायचा.

हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात पाहायचं, तर आम्हा बदलापूरच्या मांजर्लीकरांना फार लांब जायला नको. बदलापूर स्टेशनातून जाणारे रूळ कर्जतवरून बोरघाट चढतात, पुण्याला पोचतात आणि तसेच दौंडकडे निघतात. त्या वाटेवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं.

रमाबाईंनी दोन भुका पाहिल्या. पहिली लादलेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, भावंडं असं सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगायचं. पैसा होता तो व्रतं, दानं, दक्षिणा यांत गेला. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात दक्षिणेत त्यांची अन्नान्न दशा झाली. रानातला पाला खाऊन दिवस काढले. त्यात वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. १८७८ साली ती दोघं कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. संस्कृत ही तिची एकमेव मिळकत होती. या मिळकतीची आठवण ठेवा, पुढे ती लागणार आहे.

पुढे लग्न झालं, वैधव्यही आलं, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. खरं तर वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही. बाप्तिस्मा झाला तरी रमाबाई मांस खात नव्हत्या, अंडं घातलेला पदार्थही घेत नव्हत्या. त्यांची जबाबदारी घेतलेल्या सिस्टर जेराल्डीनना हा जुन्या जातीचा अभिमान वाटला. रमाबाई बधल्या नाहीत. स्वतःला नाकारायचं म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मर्जीपुढे सदसद्विवेक गहाण टाकायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. आज्ञाधारकपणा आणि आत्मत्याग एकच मानायची चूक धर्मसंस्थांत सर्रास होते, आणि ती बहुतेक वेळा बायकांच्याच माथी येते. पंचविशीतल्या, परक्या देशात एकट्या पडलेल्या एका मराठी विधवेला हा फरक दिसला होता.

रमाबाईंची आध्यात्मिक वाढ एका दिवसात झाली नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. तो मिळाल्याची खूण पटायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. दरम्यान १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं होतं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, आणि तरुण विधवा तिथे शिकू लागल्या होत्या. काम चालू होतं आणि आत शोधही चालू होता.

मग दुसरी भूक आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. तिथून मुक्ती सदन वाढलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या, आणि तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध मुलींना ब्रेल, सगळं त्या माळावर उभं राहिलं. कुटुंबाच्या भुकेतून वाचलेली मुलगी हजारोंना जेवू घालत होती, आणि तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र साधं पांढरं लुगडं होतं. जिने पाला खाल्ला तिला पुढे दोन घास सुखाचे खावेसे वाटले असते, तर कोण काय म्हणणार होतं?

पण मला सगळ्यांत मोठा वाटतो तो याच्याही पुढचा त्याग. केडगावात रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं. तोवरची भाषांतरं त्यांना संस्कृतप्रचुर वाटत होती, खेड्यातल्या बाईला ती कळत नव्हती. आता ती मिळकत आठवा. जिच्या संस्कृतापुढे कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, तिने वर्षानुवर्षं खपून त्याच भाषेचं वैभव ओळीओळीतून बाजूला काढलं, कारण नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलीला वाचता आलं पाहिजे. पांडित्य मिरवायचं नसेल तर जास्त लागतं: साधं वाक्य मुळाशी इमानी ठेवायला हिब्रूही पक्कं हवं आणि मराठीही. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. हातातलं काम रमाबाईंनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

याच काळात आणखी एका घरात आत्मत्यागाची हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं शाळकरी वय काही काळ कल्याणला गेलं, म्हणजे आपल्या शेजारीच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची पत्नी आणि सगेसोयरे दुरावले. तरी माझ्या लेखी त्यांचं धाडस १९१७चं. वय पंचावन्नच्या घरात, मिशनची पगारी नोकरी, मान, सुरक्षितता, सगळं सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले.

आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई टिळक! कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई नवऱ्याकडे परत आली तरी आधी आपला स्वयंपाक वेगळा ठेवत होती. मग शिवाशिव ही माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे, असं तिला आतून पटलं आणि तिने ती सोडली; १९०० साली बाप्तिस्माही घेतला. ख्रिस्ती उपवासात माणूस अन्न सोडतो. लक्ष्मीबाईंनी उलट केलं: जे पाणी आणि अन्न आजवर नाकारलं होतं, ते दुसऱ्याच्या हातून घेतलं. सोडला तो आपण वरचे असल्याचा भाव, आणि तो सोडायला उपाशी राहण्यापेक्षा जास्त बळ लागतं असं मला मनापासून वाटतं. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्या हसतखेळत हे सांगून जातात; आपण काही मोठं केलं असा सूर कुठेच नाही.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे, आणि तिथे निराधार बायका-मुलींना आजही आसरा मिळतो.