झरा म्हणा, वसंत म्हणा

मागच्या आठवड्यात संगीतकार चार्ल्स आइव्ह्जच्या रचनेने आपल्याला बरंच दमवलं. आजची रचना तशी नाही. एरन कोपलंडचं ‘अ‍ॅपलेशियन स्प्रिंग’ पहिल्याच फेरीत कानाला रुचतं. फक्त एक करा, हाताला लागेल ते ध्वनिमुद्रण लावू नका. बहुतेक ठिकाणी मिळतो तो कोपलंडने १९४५ साली मोठ्या वाद्यवृंदासाठी बेतलेला सूट, म्हणजे निवडक भागांची मालिका. मूळ रचना १३ वाद्यांची, आणि मला विचाराल तर तीच ऐकावी.

१३च का? कारण साधं आहे, जागा नव्हती. नर्तकी मार्था ग्रॅहमसाठी हे बॅलेचं संगीत एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या दानशूर बाईंच्या प्रतिष्ठानाने लिहून घेतलं, मानधन ५०० डॉलर. पहिला प्रयोग ३० ऑक्टोबर १९४४ रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये झाला, कूलिजबाईंच्याच नावाच्या लहानशा सभागृहात. कोपलंडने चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो, एक डबल बास, बासरी, क्लॅरिनेट, बसून आणि पियानो एवढ्यात भागवलं.

या अडचणीतून रचनेचा पोत घडला. इतक्या थोड्या मंडळींत कुणालाच लपता येत नाही. सुरुवात ऐका : एक कॉर्ड षड्जावरची, दुसरी पंचमावरची. दोन्ही हलकेच एकमेकींवर येऊन बसतात आणि भांडत नाहीत. पहाटे खिडकी उघडल्यावर जेवढं दिसतं, तेवढंच वाजतं. नाचाच्या भागात पियानो जवळजवळ तालवाद्य होतो. मोठ्या वृंदात त्याची ही धार बोथट होते.

कथानक पेनसिल्व्हेनियातल्या नव्या जोडप्याचं आणि त्यांच्या नव्या घराचं. पुढे क्लॅरिनेट एकटीच ‘सिंपल गिफ्ट्स’ची चाल धरते आणि तिच्यावर एकामागून एक रूपं चढत जातात. ही चाल शेकर पंथाची, १८४८ सालची. शेकर मंडळी कडक ब्रह्मचर्य पाळणारी. त्यांचं गाणं नवरानवरीच्या संसाराला! ग्रॅहम आणि कोपलंड यांना ही विसंगती जाणवली असेल का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

आणि नाव? लिहिताना कोपलंडच्या मनात ना अ‍ॅपलेशियाचे डोंगर होते, ना वसंत. त्याच्या लेखी हा नुसता ‘मार्थासाठी बॅले’. प्रयोग तोंडावर आल्यावर ग्रॅहमने हार्ट क्रेनच्या कवितेतले दोन शब्द उचलले. त्या कवितेतला ‘स्प्रिंग’ म्हणजे पाण्याचा झरा. तरीही, डोंगरातला वसंत किती हुबेहूब उतरवलात, असं ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या या गृहस्थाला लोक जन्मभर सांगत राहिले. ऐकून ऐकून आता मलाही ते डोंगर दिसायला लागलेत, असं तो पुढे गमतीने म्हणे.