घरात एकच माणूस उरतं तेव्हा

तेराव्याला आलेले पाहुणे परततात. परदेशातला मुलगा रजा वाढवून आणखी काही दिवस राहतो आणि मग त्यालाही निघावं लागतं. त्यानंतर त्या घरात एकच माणूस उरतं. पुणे, ठाणे, नाशिकच्या सोसायट्यांत अशी घरं आता सहज सापडतात. बायको सहसा नवऱ्याहून वयानं लहान असते आणि बायकांचं आयुर्मानही जास्त, म्हणून मागे राहणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी.

दुःख तर असतंच, पण रोजचा दिवस अडतो तो साध्यासुध्या कामांपाशी. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात स्वयंपाकघर तिचं आणि बँक त्याची, अशी वाटणी होऊन गेलेली असते. जोडीदार गेला की निम्म्या घराची माहिती त्याच्यासोबत जाते. एकट्यानं राहायला शिकायचं म्हणजे आधी ही निम्मी माहिती मिळवायची.

मागे राहिलेल्या पुरुषाला गॅसचा रेग्युलेटर बदलता येत नाही, डाळीत पाणी किती घालायचं ते ठाऊक नसतं. मग रात्रीचं जेवण चहा-खारीवर भागतं. हे धोक्याचं आहे, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात आणि प्रथिनं कमी पडली तर झीज वाढते. सुरुवातीला दोन लिटरचा छोटा कुकर पुरतो. अर्धी वाटी तांदूळ, मूठभर मूगडाळ, हळद, मीठ, तीन शिट्ट्या, वर चमचाभर तूप. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात; दही आणि उसळ घरात असावी.

बाईची अडचण कपाटातल्या फायलीत असते. मृत्यूच्या दाखल्याच्या बऱ्याच प्रती काढून ठेवाव्या लागतात, कारण बँक, विमा, वीजमीटर, सोसायटी असे सगळेच तो मागतात. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पेन्शनचा आदेशक्रमांक लागतो. खात्यावर नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे पैसे आपले झाले, असा अनेकींचा समज असतो. प्रत्यक्षात नॉमिनी सहसा वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेतो. मालकी ठरते ती मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं. हयातीच्या दाखल्यासाठी मात्र आता बँकेत रांग लावायची गरज नाही. 2014 पासून तो डिजिटल पद्धतीनं देता येतो आणि पोस्टमनला घरी बोलावूनही काढता येतो.

घरातही थोडे बदल करावे लागतात. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा, शेजारी जादा किल्ली आणि रोज सकाळी ठरल्या वेळी कोणाला तरी एक फोन. तो फोन आला नाही तर समोरच्यानं चौकशी करायची, एवढं आधीच बोलून ठेवावं.

संध्याकाळ सगळ्यात जड जाते. एकटेपणाकडे आता सरकारंही गांभीर्यानं पाहतात: ब्रिटननं 2018 मध्ये आणि जपाननं 2021 मध्ये या विषयाची जबाबदारी मंत्र्याकडे दिली. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि फेस्कॉम हा त्यांचा महासंघ. 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत सुरू झालेला हास्यक्लब आज कितीतरी बागांत भरतो. भजनी मंडळ असो, वाचनालय असो की भिशी, आठवड्यातले निदान तीन दिवस कुठेतरी आपली वाट पाहिली जावी. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे बहिणीच्या गावी जाणंही परवडतं. अडचण आली तर ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे.

यातलं बरंचसं आधीच शिकता येतं. ज्या घरात आज दोघं आहेत, त्यांनी एक महिना कामांची अदलाबदल करून पाहावी. वीजबिल तिनं भरावं, आमटी त्यानं करावी. बँक, विमा, पेन्शन आणि डॉक्टरांचे क्रमांक एका वहीत लिहावेत आणि ती वही कुठे आहे हे मुलांनाही सांगून ठेवावं.